आधी पाय, मग तलवार : लाठी, दांडपट्टा आणि जपानी तलवारबाजीतून छोट्या धंद्यासाठी पाच पाठ



या आठवड्याच्या व्हिडिओत मी हातात काठी घेऊन उभी आहे. आधीच सांगते, हा सेल्फ डिफेन्सचा व्हिडिओ नाही. विषय आपला नेहमीचाच आहे, धंदा टिकवायचा कसा. बारा मिनिटांत सगळं मावलं नाही, म्हणून उरलेलं सविस्तर इथे लिहिते. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी २१ दिवसांचा सराव दिला आहे.

दुकानातली दिवसाची पहिली विक्री झाली की आपण म्हणतो, "भवानी झाली." महाराजांच्या तलवारीचं नावही भवानीच. हा शब्द रोज सकाळी आपल्या तोंडात असतो, पण तलवार चालवणारा माणूस तयार कसा होतो, याचा विचार आपण करत नाही. आपल्याला वाटतं तो ताकदीने होतो, जिगरीने होतो. धंद्याबद्दलही तसंच वाटतं. हिंमत केली, कर्ज काढलं, बोर्ड लावला, की झाला धंदा.

प्रत्यक्षात तलवार शिकणाऱ्याला पहिले कित्येक महिने मारायला शिकवतच नाहीत. उभं कसं राहायचं, पाय कसा टाकायचा, तोच वार पुन्हा पुन्हा कसा करायचा आणि हात कुठे थांबवायचा, हे शिकवतात. डहाणू-तलासरीत नवीन धंदा सुरू करणाऱ्यांना मला नेमकं हेच सांगायचं आहे.

थोडी माहिती आधी

आपल्याकडे या विद्येला मर्दानी खेळ म्हणतात. कोल्हापूर हे त्याचं मोठं ठिकाण. तिथल्या पेठांमधून आणि तालमींमधून लाठी, फरी-गदका, तलवार-ढाल, भाला, विटा, दांडपट्टा हे सगळं पिढ्यानपिढ्या शिकवलं जातं. नाव मर्दानी असलं तरी आज मुलीही तितक्याच जोमाने खेळतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठीकाठी तुम्ही पाहिली असेलच.

यातलं सगळ्यात अवघड शस्त्र दांडपट्टा. लांब, लवचीक पातं आणि हाताला कोपराच्या दिशेने झाकणारं लोखंडी आवरण, म्हणजे खोबळा. आतली मूठ आडवी असते. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाने महाराजांवर पट्ट्याचा वार केला तेव्हा जिवा महालाने त्याला तिथेच आडवा केला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण तिथून आली. १९ फेब्रुवारी २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

जपानमध्ये याच प्रकारची साधना 'केंदो' आणि 'इआइदो' या नावांनी चालते. केंदो म्हणजे तलवारीचा मार्ग. यात बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेल्या तलवारीने, चिलखत घालून सामना खेळतात. इआइदोत समोर कोणी नसतं. एकट्याने तलवार म्यानातून काढायची, वार करायचा आणि शांतपणे परत म्यानात ठेवायची. एवढंच वर्षानुवर्षं.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी घडली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, मराठ्यांच्या फौजा मोडल्या, पुढे १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी शस्त्रांवर निर्बंध घातले. जपानमध्ये १८७६ च्या हुकमाने सामुराईंना कमरेला तलवार लावायला बंदी झाली. लढाई संपली, तरी सराव संपला नाही. तो तालमीत आणि शाळेत गेला. रणांगण नसताना लोक तलवार का शिकत राहिले? कारण शरीराला लागलेलं वळण आणि मनाला लागलेला लगाम, या दोन गोष्टी लढाईशिवायही कामाच्या होत्या. त्याच आपल्याला उचलायच्या आहेत.

पाठ १ : आधी पाय

मर्दानी खेळात पहिली गोष्ट पवित्रा. गुडघे किंचित वाकवलेले, वजन दोन्ही पायांवर, पुढे-मागे-बाजूला सरकायला शरीर तयार. नवीन मुलगा आला की त्याला वाटतं आज पट्टा मिळेल. त्याला मिळतात पावलं. केंदोतही तसंच. उजवा पाय पुढे, डावा मागे, डावी टाच थोडी उचललेली, आणि पाय न उचलता जमिनीवरून सरकवायचा.

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे. तारपा नाच पाहा. तारपा वाजवणारा सूर बदलतो तशी सगळ्यांची पावलं बदलतात. एकाचं पाऊल चुकलं तर हातात हात गुंफलेली अख्खी रांग हलते. नाचणाऱ्याचं लक्ष हातवाऱ्यांवर नसतं, पावलांवर आणि सुरावर असतं.

धंद्यात पाय म्हणजे रोख रक्कम. आज गल्ल्यात किती आहेत, बँकेत किती आहेत, या महिन्यात कोणाला किती द्यायचे आहेत. हे तीन आकडे विचारल्यावर जो मोबाईल न उघडता सांगतो, त्याचा पवित्रा पक्का. जो म्हणतो "बघून सांगतो ताई", तो एका पायावर उभा आहे. त्याला पाडायला मोठं संकट लागत नाही. पावसाळ्यात बोर्डीचे पर्यटक कमी झाले किंवा फ्रिज बंद पडला तरी पुरे.

म्हणून नियम : शटर खाली करण्याआधी हे तीन आकडे वहीत. विक्री शून्य असली तरी.

पाठ २ : तोच वार, रोज

जपानी तलवारबाजीत 'सुबुरी' म्हणून सराव असतो. हवेत तलवार फिरवायची, डोक्यावर न्यायची, खाली आणायची, ठरलेल्या उंचीवर थांबवायची. पुन्हा. शंभर वेळा, दोनशे वेळा. आठ-दहा वर्षं शिकलेला माणूसही वर्गाची सुरुवात यानेच करतो. केंदोत सगळ्यात वरची पायरी आठवा दान. त्या परीक्षेला बसायला वय किमान ४६ लागतं आणि सातवा दान मिळून १० वर्षं झालेली असावी लागतात. इतकी वर्षं घालवून तो माणूस नवीन काय शिकतो? तोच वार, पण आणखी स्वच्छ.

आपल्याकडेही लाठीचे हात असेच घोटून घेतात. याचं कारण सोपं आहे. खऱ्या प्रसंगात विचार करायला वेळ नसतो. तेव्हा हात तेच करतो जे त्याने हजार वेळा केलेलं असतं.

आता धंद्यात बघा. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते. तुमचा खेळण्यांचा किंवा सरबताचा स्टॉल आहे. समोर पन्नास माणसं, तिघं एकदम सुट्टे मागतायत, एकजण यूपीआयचा स्क्रीन दाखवून निघालाय. त्या क्षणी तुम्ही नवीन पद्धत शोधू शकत नाही. पैसे आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माल द्यायचा नाही, नोट आधी बाजूला ठेवायची आणि मगच सुट्टे मोजायचे, हे तुम्ही आधीच्या तीनशे साध्या दिवसांत केलं असेल तरच गर्दीत आपोआप होतं.

तुमच्या धंद्यातली अशी तीनच कामं निवडा, जी रोज, त्याच वेळी, त्याच पद्धतीने होतील. माझं डहाणूत पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. माझी तीन कामं : सकाळी नऊला शटर, दुपारी तीनला बॉक्स आणि टेपचा स्टॉक मोजणं, रात्री हिशोब. दहा कामं निवडू नका. दहा वार कच्चे शिकण्यापेक्षा तीन पक्के बरे.

पाठ ३ : अंतर ओळखा

तलवारबाजीत जिंकणं-हरणं अर्ध्या पावलाच्या अंतरावर ठरतं. जपानीत त्याला 'माआइ' म्हणतात, म्हणजे दोघांमधलं अंतर. फार जवळ गेलात तर वार करायला जागा नाही. फार लांब राहिलात तर वार पोचत नाही. फरी-गदका खेळणाराही आधी हेच शिकतो की समोरच्याचा गदका कुठपर्यंत येतो.

छोट्या गावात धंद्याला सगळ्यात मोठा धोका अंतराचाच. गिऱ्हाईक शेजारी असतं, नात्यातलं असतं, शाळेतला मित्र असतं. उधारी इथून सुरू होते. चला, गणित मांडू.

समजा तलासरी नाक्यावर तुमचं किराणा दुकान आहे. दिवसाची विक्री ₹३,०००. सरासरी मार्जिन १५ टक्के, म्हणजे दिवसाचे ₹४५० सुटतात. त्यातून भाडं, लाईट, घरखर्च. आज या ₹३,००० पैकी ₹५०० ची उधारी दिली आणि ती परत आली नाही. मग दिवसाची कमाई ४५० वजा ५००. दिवसभर उभे राहिलात आणि ₹५० खिशातून गेले. ती ₹५०० ची खोट भरायला मार्जिनच्या हिशोबाने तुम्हाला जवळपास ₹३,३३० ची नवी रोख विक्री करावी लागेल. म्हणजे एका दिवसापेक्षा जास्त काम, तेही फुकट.

उधारी द्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडे मजुरी आठवड्याने मिळते, लोक उंबरगावच्या कारखान्यात जातात, पगार महिन्याने होतो. उधारी बंद केली तर गिऱ्हाईकही बंद. पण अंतर ठरवा. तीन गोष्टी लिहून ठेवा : एका घराला जास्तीत जास्त किती, किती दिवसांसाठी, आणि सगळी मिळून बाहेरची उधारी किती झाली की नवीन थांबवायची. आकडा भिंतीवर नको, वहीत चालेल. पण काकांनी मागितली तरी आकडा तोच राहिला पाहिजे. "काका, आधीचे द्या, मग घेऊन जा," हे हसून म्हणता येतं. अंतर राखणं म्हणजे नातं तोडणं नाही. अंतर राहिलं तर नातंही राहतं.

पाठ ४ : कर्ज म्हणजे दांडपट्टा

हा पाठ नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त धंदे इथे अडकतात.

साध्या तलवारीत मनगट मोकळं असतं. वार चुकतोय असं वाटलं तर मनगट वळवून सावरता येतं. पट्ट्यात हात खोबळ्यात बंद असतो. मनगट वळत नाही. म्हणून पट्टा कोपर-खांद्यातून आणि सगळं शरीर फिरवून चालवावा लागतो. पल्ला मोठा, चारही बाजूंनी संरक्षण, पण पाय कच्चे असतील तर तो आपल्यालाच किंवा शेजारच्याला लागतो. म्हणून पट्टा शेवटी शिकवतात.

कर्जाचंही अगदी असंच. पल्ला वाढतो, पण मनगट बंद होतं. हप्ता वळत नाही. पाऊस पडो, लग्नसराई संपो, हप्त्याची तारीख तीच.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. त्यात शिशु गटात ₹५०,००० पर्यंत, किशोरमध्ये ₹५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये ₹१० लाखांपर्यंत कर्ज आहे. योजना चांगली आहे, घ्या. पण घेण्याआधी हे गणित करा. ₹५०,००० तीन वर्षांसाठी, वार्षिक १२ टक्के व्याज धरलं, तर हप्ता साधारण ₹१,६६०. तुमचं मार्जिन १५ टक्के असेल तर फक्त हा हप्ता काढायला महिन्याला अंदाजे ₹११,१०० ची जादा विक्री हवी. आता स्वतःला विचारा : या पैशांतून जे मशीन किंवा जो माल येणार आहे, त्याने महिन्याला ₹११,१०० ची नवी विक्री होईल का? सहा महिन्यांच्या वहीत बघून उत्तर द्या, मनाने नको. वहीच नसेल तर अजून पट्ट्याची वेळ आलेली नाही. आधी पाठ १ आणि २.

पाठ ५ : वार झाल्यावर, आणि म्यान

केंदोत एक नियम आहे जो मला फार आवडतो. वार बरोबर लागला म्हणून गुण मिळत नाही. वार झाल्यानंतरही खेळाडू सावध असावा लागतो. मन आणि शरीर पुढच्या क्षणासाठी तयार. त्याला 'झानशिन' म्हणतात, म्हणजे उरलेलं, टिकून राहिलेलं मन. वार केल्यावर कोणी हात उंचावून जल्लोष केला तर दिलेला गुणही काढून घेतात.

दुकानात पैसे हातात पडले की आपलं मन तिथून उठतं. गिऱ्हाईक अजून समोर उभं असतं आणि आपण मोबाईल बघतो. विक्रीनंतरचा अर्धा मिनिट हे तुमचं झानशिन. सुट्टे हातात नीट द्या, पिशवी स्वतः उचलून द्या, वस्तू कशी वापरायची ते एका वाक्यात सांगा, स्टॉकमधून एक कमी लिहा. घोलवडचे चिकू चिप्स विकत असाल तर "पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा" एवढं सांगा. पुढच्या वेळी तो तुमच्याकडेच येतो, कारण चिप्स नरम पडले नाहीत.

आणि म्यान. इआइदोत तलवार काढायला क्षण लागतो, ठेवायला जास्त वेळ. नजर समोर, हात सावकाश, घाई अजिबात नाही. तलवार काढता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती ठेवता येणं.

गिऱ्हाईक ओरडलं, शेजारच्या दुकानदाराने भाव पाडला, कोणी तुमच्या मालाबद्दल गावभर वाईट बोललं. हात म्यानाकडे जातो. अशा वेळी एक काम करा. श्वास सोडा, अर्धं पाऊल मागे या, आणि विचारा : "नक्की काय झालं, सांगा." भाव पाडायचा असेल तर त्याच दिवशी नाही, रात्री वही बघून. रागात पाडलेला भाव दुसऱ्या दिवशी चढवता येत नाही.

एक इशारा

आता खरं ते सांगते. तलवार शिकून कोणी आपोआप धंदेवाईक होत नाही. याचा पुरावा जपानच्याच इतिहासात आहे. सामुराईंचे मान आणि वेतन गेल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी मिळालेले पैसे दुकानात, व्यापारात घातले आणि घालवले. शिस्त होती, धाडस होतं. पण हिशोब येत नव्हता, आणि गिऱ्हाइकापुढे नम्र व्हायला जड जात होतं. जपानीत आजही अनुभव नसताना केलेल्या, बुडणाऱ्या धंद्याला 'सामुराईचा व्यापार' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे.

उलट बाजूही आहे. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी, ज्याचा मृत्यू १६४५ मध्ये झाला, त्याने आपल्या 'गोरिन नो शो' या ग्रंथात युद्धविद्या समजावताना उदाहरण घेतलं ते मुख्य सुताराचं. कोणतं लाकूड खांबाला, कोणतं दाराला, कोणता कामगार कशात हुशार, हे ओळखणारा सुतार. म्हणजे मोठा तलवारबाज कारागिराकडून शिकत होता. मग आपण कारागीर आणि दुकानदारांनी तलवारबाजाकडून शिकायला काय हरकत? फक्त शिस्त त्याच्याकडून घ्या आणि हिशोब वाण्याकडून. दोन्ही हवं.

२१ दिवसांचा सराव

सूचना : धारदार तलवार अजिबात आणू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ चे निर्बंध आहेत आणि आपल्या सरावाला तिची गरजही नाही. साधारण मीटरभर लांबीची गुळगुळीत काठी पुरे. पाठ, खांदा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून करा. आजूबाजूला मुलं नाहीत, वर वायर किंवा फांदी नाही, हे बघा. काठीचा खेळ पुढे शिकायचा असेल तर जाणत्या वस्तादाकडेच जा.

सकाळी १० मिनिटं :
१. दोन मिनिटं नुसतं उभं राहा. पाय खांद्याइतके, गुडघे सैल, श्वास सावकाश.
२. तीन मिनिटं पावलं. पुढे पाच, मागे पाच, पाय सरकवत.
३. पाच मिनिटं वार. डावा हात काठीच्या टोकाशी, उजवा वर. काठी डोक्यावर, मग समोर कपाळाच्या उंचीवर आणून थांबवा. खाली येताना श्वास सोडा. पहिल्या आठवड्यात ३०, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७०. काठी थांबली पाहिजे. थरथरली तर संख्या कमी करा.

रात्री १० मिनिटं :
१. तीन आकडे : गल्ला, बँक, देणी.
२. आजची उधारी : कोणाला, किती, कधीपर्यंत.
३. एक ओळ : आज हात कुठे आवरला, किंवा कुठे आवरायला हवा होता.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. तेवढंच करा आणि पुढे चला.

"ताई, धंदाच सुरू केला नाही, मग हिशोब कसला?" असं काहींना वाटेल. त्यांनी घरखर्चाचा लिहा. कासा किंवा तलासरीच्या आठवडे बाजारात एक दिवस उभं राहून एका स्टॉलवर तासाला किती गिऱ्हाइकं येतात ते मोजा. सरावाला शस्त्र लागत नाही, हे आपण वर पाहिलंच.

२१ दिवसांनी तुमच्याकडे दोन गोष्टी असतील. एक थोडं सरळ झालेलं शरीर, आणि २१ पानं भरलेली वही. बँकेत जाल तेव्हा ती वही सोबत न्या. मॅनेजरसमोर आत्मविश्वासाचं भाषण करण्यापेक्षा ती २१ पानं टेबलावर ठेवा.

पुढच्या पाठात मार्जिन कसं काढायचं ते चिकू चिप्सच्या एका पाकिटावर बघू. तोपर्यंत उद्या सकाळी शटर वेळेवर उघडा. भवानी होईलच.